पोफळीवर चढणार कोण?

मा. कृषिमंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई.

विषय : पोफळीचा कोळेरोग, माडाची कोंबकूज आणि पावसाआधीची फवारणी



औषध मागणारी निवेदने आपल्याकडे रोज येत असतील. हे त्यांतले नव्हे. पोफळीच्या कोळेरोगावर औषध आहे. ते शंभर वर्षांहून जुने आहे, मोरचूद आणि चुना एवढ्यावर भागते आणि बांद्याच्या किंवा सावंतवाडीच्या बाजारात कधीही मिळते. ते चाळीस-पन्नास फूट वर नेऊन घडावर मारणारा माणूस मात्र मिळत नाही. मिळालाच तर पाऊस लागण्याआधी मिळत नाही, आणि पाऊस लागल्यावर मिळून काही उपयोग नसतो. अडचण एवढीच आहे. पण अनुदानाच्या अर्जात ह्या अडचणीला रकाना नाही, म्हणून हे पत्र उघड लिहितो आहे.

कोकणातल्या बागेचे नुकसान म्हटले की मंत्रालयात डोळ्यांसमोर येतात ती आडवी झालेली झाडे. त्यात चूक काही नाही. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले तेव्हा श्रीवर्धन, मुरूड, दापोली भागातल्या वाड्या एका दिवसात भुईसपाट झाल्या. तलाठी आले, कृषी सहायक आले, झाडे मोजली गेली. बागायतदारांनी ओरड केल्यावर हेक्टरी भरपाईऐवजी झाडागणिक भरपाईचा निर्णयही झाला. कोळेरोगाचे नुकसान असे मोजता येत नाही. झाड उभेच असते, हिरवेगार असते. रस्त्यावरून जाणाऱ्याला बाग नांदती दिसते. गेलेले असते ते त्या वर्षाचे पीक, आणि ते गवतात पडून कुजत असते. ऑगस्टच्या अखेरीस कोणी पंचनाम्याला आलेच, तर त्यांना दाखवायला चिखलात मिसळलेला काळपट चोथा उरतो.

आषाढात बागेत शिरलात तर हा रोग आधी पायाखाली समजतो. हिरव्या, अर्धवट भरलेल्या सुपाऱ्यांचा सडा पडलेला असतो. त्यातली एक उचलून पाहावी. देठाकडच्या टोपीजवळ पाणी मुरल्यासारखा गडद डाग असतो, फळाची तकाकी गेलेली असते, आणि दोन-तीन दिवस पडून असलेल्या फळावर पांढरी लव चढलेली असते. बोटाने पुसली तर जाते, दुसऱ्या सकाळी पुन्हा येते. वर पाहिले तर घड अजून लटकतो आहे, पण अर्धा रिकामा. त्यातली पुढची चार फळे उद्या पडणार हे बागायतदाराला दिसत असते आणि त्याबद्दल त्याला काहीही करता येत नसते. पाऊस लांबला आणि फवारणी हुकली तर बागेतले निम्म्याहून जास्त पीक असे जाते. वाईट वर्षी दहात नऊ फळे गेलेल्या बागाही असतात.

हे करणारा जीव फायटोफ्थोरा ह्या कुळातला. आपल्या खात्याच्या पत्रकांत त्याला सरसकट बुरशी म्हणतात, आम्हीही म्हणतो. शास्त्रज्ञ मात्र हल्ली त्याला बुरशीत धरत नाहीत. त्याचे जवळचे नाते समुद्रातल्या तपकिरी शेवाळाशी आहे. हा नुसता वर्गीकरणाचा घोळ असता तर मी तो इथे काढला नसता. पण त्यातून दोन गोष्टी निघतात आणि दोन्ही पैशाच्या आहेत. पहिली अशी की ह्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. फळावर पाण्याचा पातळ पापुद्रा असला की झाले. पावसाचा थेंब आपटला की ते एका घडावरून दुसऱ्यावर उडतात, वाऱ्याबरोबरच्या तुषारांतून शेजारच्या बागेत जातात. सतत धो धो पावसापेक्षा त्याला मध्येच ऊन, मध्येच सर असे हवामान जास्त मानवते. म्हणजे कवींना जो श्रावण आवडतो, तोच ह्यालाही.

दुसरी गोष्ट दुकानात घडते. बागायतदार जाऊन ‘बुरशीचे औषध द्या’ म्हणतो, आणि त्याच्या हातात पुष्कळदा कार्बेन्डाझिमची पुडी येते. भाताला, आंब्याला, भाजीला ती चालत असेल. फायटोफ्थोराच्या कुळावर ती चालतच नाही, कारण हा जीव मुळात बुरशी नव्हे. म्हणजे पैसे गेले, चढणाऱ्याची मजुरी गेली, आणि सगळ्यात महागाचे म्हणजे पावसाआधीचे आठ दिवस गेले. कृषी सहायकांनी दर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर ‘कोळेरोगाला कार्बेन्डाझिम नको’ एवढे तीन शब्द रंगवले तरी मोठे काम होईल. त्याला वेगळी योजना लागत नाही, रंगाचा एक डबा लागतो.

ताडाच्या कुळातल्या झाडांची आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यायला हवी, कारण आंबा-काजूच्या हिशेबाने पाहिले की ती निसटते. आंब्याची फांदी रोगट झाली तर कापता येते, बाजूने नवी फुटते. पोफळीला आणि माडाला एकच कोंब असतो. तो गेला की झाड संपले. कोळेरोग पावसाच्या अखेरीपर्यंत तसाच सोडला तर तो घडावरून शेंड्यात उतरतो, आणि मग त्या वर्षीचे पीक नव्हे तर झाडच जाते. पोफळ लावल्यावर पहिले पीक यायला पाच-सात वर्षे लागतात.

माडाच्या बाबतीत तर रोगाची सुरुवातच पुष्कळदा कोंबापासून होते. मधली सुई, म्हणजे न उघडलेले सगळ्यात कोवळे पान, आधी फिके पडते, मग तपकिरी होऊन मान टाकते. खालच्या झावळ्या हिरव्या असतात, नारळ धरलेले असतात, त्यामुळे जमिनीवरून काही कळत नाही. वर चढून ती सुई धरून ओढली तर हातात येते, आणि तिच्या बुडाला असा कुजका वास असतो की तो घेतलेला माणूस पुन्हा कधी चुकत नाही. ह्या टप्प्यावर झाड वाचू शकते. कुजका भाग निरोगी गर लागेपर्यंत खरवडून काढायचा, तिथे त्याच मोरचूद-चुन्याची दहा टक्क्यांची बोर्डो पेस्ट लावायची आणि नवी सुई येईपर्यंत पावसाचे पाणी आत जाणार नाही असे झाकायचे. आसपासच्या माडांच्या शेंड्यांत एक टक्क्याचे बोर्डो फवारायचे. हे सगळे कृषी विद्यापीठाच्या पुस्तिकांत आहे. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रात विचारा, कासरगोडच्या केंद्रीय संस्थेत विचारा, हेच सांगतील. पण सुई ओढून पाहायला कोणीतरी वर गेलेले असले पाहिजे. नारळ पाडायला माणूस दोन-तीन महिन्यांनी येतो. तोवर कोंब पाण्यासारखा पातळ होऊन गेलेला असतो.

औषध जुने आहे म्हटले, त्याबद्दल थोडे सांगतो, कारण ते स्वस्त आहे म्हणून त्याला कोणी किंमत देत नाही. फ्रान्समध्ये बोर्डो भागातल्या द्राक्षमळ्यांत चोरांनी घड तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. त्या वेली रोगातून वाचल्या हे मिलार्डे नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या लक्षात आले, आणि 1885 मध्ये त्याने त्याचे औषध केले. पुढे म्हैसूर संस्थानात लेस्ली कोलमन नावाचे कॅनडाचे शास्त्रज्ञ नोकरीला आले. त्यांनी मलनाडातल्या कोळेरोगाचा अभ्यास करून 1910 मध्ये तो छापला आणि बोर्डो फवारायला सांगितले. त्याआधी मलनाडातले लोक पावसाच्या तोंडावर प्रत्येक घडाला पोफळीच्या विरीची, म्हणजे झावळीच्या रुंद बुडाची, टोपी बांधत. आज कासरगोडचे शास्त्रज्ञ घडांना पॉलिथिनची पिशवी बांधायची शिफारस करतात, ती त्याच टोपीची नात. उपाय चांगला आहे, फवारणीही वाचते. पण पिशवी बांधायलाही चढावे लागते.

बोर्डो करणे हे ज्याने एकदा नीट पाहिले आहे त्याला सोपे आहे. एक किलो मोरचूद फडक्यात बांधून रात्रभर प्लॅस्टिकच्या पिंपात पन्नास लिटर पाण्यात टांगून ठेवतात. लोखंडी किंवा पत्र्याचे भांडे चालत नाही. दुसऱ्या पिंपात एक किलो कळीचा चुना विरवून, गाळून, त्याचेही पन्नास लिटर पाणी करतात. मग मोरचुदाचे निळे पाणी चुन्याच्या पाण्यात धारेने सोडायचे आणि एकाने ढवळत राहायचे. आकाशी रंग आला की विळ्याचे घासलेले पाते त्यात बुडवून पाहतात. पात्यावर तांबूस थर धरला तर तांबे मोकळे आहे, अजून चुना हवा. तसेच मारले तर कोवळी फळे भाजतात. पाते स्वच्छ निघाले की मिश्रण तयार. ते त्याच दिवशी संपवायचे, शिळे चालत नाही. ह्या शेवटच्या नियमामुळेच सगळे गणित अडते. चढणारा सकाळी आला नाही तर पिंपातले शंभर लिटर फुकट जातात. म्हणून आधी माणूस ठरतो, मग मोरचूद भिजत पडतो.

आता त्या माणसाकडे येतो. पोफळीचे खोड मांडीएवढे, सरळसोट, धरायला काही नाही. तो पायांत दोरीचा फास अडकवतो, कमरेला कोयती आणि खांद्यावर पंपाची नळी घेऊन चढतो. खाली एक जण पायपंप मारतो, एक जण बोर्डो ढवळतो. वरचा एका हाताने खोड कवटाळून दुसऱ्या हाताने नळी फिरवतो आणि एका झाडावरून आजूबाजूच्या जमतील तेवढ्या पोफळींचे घड भिजवतो. औषध त्याच्याही अंगावर गळत असते. सुपारी पाडायच्या दिवसांत तर तो शेंडा हलवून झोका घेतो आणि शेजारची पोफळ धरतो, असे करत एका चढणीत बरीच झाडे करून मगच खाली उतरतो. पाहणाऱ्याला ही गंमत वाटते. त्याच्या बायकोला वाटत नाही.

असे लोक आमच्या भागात आता बोटांवर मोजण्याइतके राहिले आहेत, आणि जे आहेत ते पन्नाशीपलीकडचे. त्यांची मुले सकाळी मोटारसायकलवरून गोव्यात कामाला जातात, म्हापशाला, पर्वरीला, वेर्ण्याच्या कारखान्यांत. तिथे महिन्याला पगार मिळतो आणि झाडावरून पडायची भीती नसते. त्यांना नावे ठेवायचा मला अधिकार नाही. माझ्या घरातली मुलेही झाडावर चढत नाहीत. आमच्याकडे येणारा चढणारा मेच्या शेवटच्या आठवड्यात दहा बागांना हवा असतो. तो ज्याच्याकडे आधी गेला त्याची बाग वाचते. पाऊस पडून गेल्यावर त्याला कितीही विनवा, त्याचे उत्तर ठरलेले आहे : “भिजलेल्या पोफळीर मी काय चढूचंय नाय.” आणि ते बरोबरच आहे.

तशात मेचा शेवटचा आठवडा आता भरवशाचा राहिलेला नाही. आमची सगळी गणिते रोहिणी आणि मृगाची. रोहिणीत बोर्डो मारायचे, मृगात पाऊस, आणि मग चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी उघडीप बघून दुसरी फवारणी. 2025 मध्ये मोसमी पाऊस 24 मे रोजी केरळात आला आणि दुसऱ्याच दिवशी देवगडापर्यंत पोचला. त्याच्याआधीच वळवाने झोडपायला सुरुवात केली होती. म्हणजे रोहिणी लागली त्या दिवशी पावसाळा लागला. ज्यांनी नेहमीप्रमाणे मेअखेरचा मुहूर्त धरला होता त्यांचे मोरचूद पिशवीतच राहिले. असे वर्ष पुन्हा येणार नाही असे कोणी सांगेल का? पहिली फवारणी मेच्या मध्याला संपली पाहिजे, असे धरून चालावे लागेल. म्हणजे थोडक्या चढणाऱ्यांना मिळणारे दिवस आणखी आकसले.

आपले खाते ह्यावर काय करते ते मी पाहतो. लागवडीला मदत मिळते. 1990 मध्ये रोजगार हमीशी फळबाग जोडली गेली तेव्हापासून कोकणात झाडे लावायला पैसा आला, आणि त्याचे श्रेय त्या निर्णयाला दिलेच पाहिजे. औषधाला, पंपाला अधूनमधून अनुदान असते. हे सगळे एकेका शेतकऱ्याला, सातबारा पाहून, अर्ज घेऊन. इथेच घोटाळा आहे. कोकणातला सातबारा आपण पाहिला असेल. एका गुंठ्यावर आजोबांपासूनची वीस-वीस नावे, त्यातली अर्धी मुंबईत, काही हयात नाहीत. सगळ्यांचे संमतीपत्र आणता आणता पाऊस येतो. आणि ज्या बागेचा मालक मुंबईला आहे, तिथे कोणीच फवारत नाही. गेल्या वर्षीचे वाळके रोगट घड झाडांवर तसेच लोंबत असतात आणि रोग त्यांतच दबा धरून बसतो. पहिला पाऊस पडला की तिथून निघतो. मी माझी बाग कितीही जपली तरी कुंपणापलीकडे चुलतभावाची ओसाड पोफळी असेल तर माझी अर्धी मेहनत वाया. रोगाला गटनंबर समजत नाहीत.

म्हणून माझे म्हणणे एवढेच : ह्या रोगासाठी शेतकरी हा घटक धरू नका, गाव धरा. औषधाच्या पुड्यांवर जाणारा पैसा चढणाऱ्यांच्या गटावर खर्च करा. पोफळी असलेल्या दर ग्रामपंचायतीत किंवा दोन-तीन मिळून चार-सहा तरुणांचा एक गट असावा. त्याला शिकवावे, साधने द्यावीत, आणि मेच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्याने गावातली प्रत्येक पोफळ, मालक हजर असो नसो, फवारून काढावी. जुलैत उघडीप मिळेल तेव्हा दुसरी फेरी. उन्हाळ्यात सुपारी पाडायच्या वेळी ह्याच गटाने रोगट घड आणि मेलेल्या झाडांचे शेंडे उतरवून जाळावेत. माडांच्या सुया ओढून पाहणे हेही त्यांच्याकडेच. अशी जोडणी केली तर त्या पोरांना वर्षातले निदान सहा-सात महिने काम राहील, आणि गोव्याच्या बारा तासांच्या पाळीशी त्याची तुलना तरी करता येईल.

हे नवे नाही. गेल्या शतकाच्या सुरुवातीला गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात, आजच्या आंध्रात, ताडांना कोंबकूज लागली आणि झाडे पटापट मरू लागली. एडविन बटलर हे तेव्हाचे सरकारी कवकशास्त्रज्ञ. त्यांनी 1907 मध्ये तो जीव ओळखून त्याला नाव दिले, आणि माडाच्या कोंबकुजीला आज जो जबाबदार धरतात तो हाच. मद्रास सरकारने काय केले? पत्रके वाटली नाहीत. पगारी माणसे नेमली आणि गावोगाव रोगट ताडांचे शेंडे तोडून जाळायला लावले, तेही एक वर्ष नव्हे, वर्षानुवर्षे. त्या सरकारला रयतेचा फार कळवळा होता असे मी म्हणत नाही. ताडीच्या महसुलावर डोळा असेलही. पण रोग एकेकट्या मालकाच्या हातचा नाही आणि वर चढायला माणसे लागतात, ह्या दोन गोष्टी त्याला कळल्या होत्या.

अलीकडचा दाखला हवा असेल तर नारळ विकास मंडळाचा आहे. केरळात नारळ पाडणारे मिळेनासे झाले तेव्हा मंडळाने 2011 मध्ये बेरोजगार तरुणांना यंत्राने माडावर चढायला शिकवायची मोहीम सुरू केली. त्यांना रोग ओळखायला, शेंडा साफ करायला आणि फवारायलाही शिकवतात. चढणाऱ्यांसाठी मंडळाची अपघात विमा योजना आहे. त्या सगळ्याचे यश किती, ह्यावर केरळातही वाद घालणारे आहेत. शिकलेल्यांपैकी पुष्कळ जण पुढे दुसऱ्या धंद्यात गेले असे तिकडचे लोक सांगतात, आणि मला ते खरे वाटते. कारण शिकवले, पण वर्षभराचे काम बांधून दिले नाही तर असेच होणार. आपण त्यातला पहिला भाग घ्यावा आणि दुसरा आपला जोडावा.

विम्याचे तर आपल्या हातात आहे. राज्य सरकारची शेतकऱ्यांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाची अपघात योजना आहे. मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात, आणि उंचावरून पडणे हाही त्यात धरलेला अपघात आहे. पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या घरातल्या एकाला. म्हणजे मी माझ्या झाडावरून पडलो तर माझ्या घरच्यांना मदत. माझ्या झाडावर रोज चढणारा, ज्याच्या नावावर गुंठाभर जमीन नाही, तो पडला तर त्याच्या घरच्यांना ह्या योजनेतून काही नाही. मी तर झाडावर चढतही नाही. ह्या योजनेत नोंदणी केलेल्या चढणाऱ्याला घ्यायला शासन निर्णयात एक ओळ वाढवावी लागेल.

ह्या जागी कोणीतरी ड्रोन म्हणणार हे मला ठाऊक आहे. ड्रोनला माझा विरोध नाही. भातावर, उसावर त्याने काम सोपे केले आहे. पण पोफळीचा घड शेंड्याच्या खाली, झावळ्यांच्या आडोशाला असतो. वरून पडणारे औषध आधी पानांवर पडते. रोग फळाच्या टोपीशी सुरू होतो, आणि तांब्याचा थर तिथे बसला नाही तर फवारणी झाली असे म्हणता येत नाही. कर्नाटकात जमिनीवर उभे राहून वापरायची कार्बन फायबरची लांब काठी निघाली आहे. तिला तिकडे दोटी म्हणतात, टोकाला नळी लावून तिने फवारतातही. ती मला ड्रोनपेक्षा भरवशाची वाटते, कारण खालून वर, घडाच्या रोखाने मारता येते. ती महाग आहे, एकट्याला परवडत नाही, गटाला परवडेल. पण ती तोलून धरणे हे दंडाचे काम आहे आणि शिकावे लागते. म्हणजे पुन्हा माणूस आलाच.

तांब्याबद्दल एक कबूल केले पाहिजे. वर्षानुवर्षे मोरचूद मारलेल्या बागेत तांबे जमिनीत साठत जाते, ते कुठे जात नाही. म्हणून वाटेल तेव्हा, वाटेल तेवढे मारणे हा उपाय नाही. वेळेवर दोन फवारण्या झाल्या तर पाऊस लागल्यावर घाबरून मारलेल्या तीन-चार फवारण्या वाचतात. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने जुन्या बागांची माती ह्या दृष्टीने तपासून आम्हाला सांगावे.

सुपारीसाठी सरकारने पैसा का खर्चावा, असेही आपल्याला कोणी विचारील. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 मध्ये सुपारीला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत घातले आहे. त्यावर मी वाद घालणार नाही. गुटख्याच्या पुडीची वकिली करायला हे पत्र नाही. पण पोफळीची बाग म्हणजे फक्त सुपारी नव्हे. पोफळीवर मिरीचा वेल चढलेला असतो, मध्ये माड, जायफळ, केळी असतात, पाटाचे पाणी ह्या सगळ्यांतून फिरते. मिरीचा वेल अचानक मरतो तो ह्याच कुळातल्या दुसऱ्या एका जिवामुळे. दोडामार्गात आता रबर उभे आहे, त्याच्या पावसाळी पानगळीमागेही हेच कुळ आहे. उद्या सुपारी कोणी खाईनासे झाले तरी माड, मिरी आणि रबर ह्याच आजाराने आजारी पडणार आहेत, आणि तेव्हाही वर चढायला माणूस लागणारच.

नुकसानभरपाईचे मी मुद्दाम शेवटी ठेवले. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत चक्रीवादळ, पूर, गारपीट ह्यांच्या जोडीला किडीचा हल्लाही आहे, आणि 33 टक्क्यांवर नुकसान झाले तर मदत देता येते. कोळेरोग त्यात बसवता येईल का, हे आपल्या विधी विभागाला विचारावे. कर्नाटकात सुपारीला हवामानावर आधारित पीकविमा मिळतो. पाऊस किती दिवस सलग पडला आणि हवेत दमटपणा किती होता ह्यावर भरपाई ठरते, झाडाखाली कुजलेली सुपारी मोजावी लागत नाही. सिंधुदुर्गातल्या पोफळीला तो मिळावा ही मागणी आहेच. पण खरे सांगायचे तर भरपाईचा चेक आणि वेळेवर आलेला चढणारा, ह्यांतला एकच मिळणार असेल तर आमच्यातले बहुतेक जण चढणारा मागतील.

खर्चाचा भार सगळा सरकारवर टाकावा असे मी म्हणत नाही. मोरचूद, चुना आणि गटाचे जेवणखाण गावातल्या बागायतदारांनी द्यावे. मुंबईकर मालकाच्या बागेचा वाटा घरपट्टीबरोबर ग्रामपंचायतीने वसूल करावा. गटाची मजुरी, विमा आणि दोटी शासनाने. आणि एकदम सगळ्या कोकणात करू नये. पहिल्या वर्षी दोडामार्ग तालुक्यातली पाच गावे घ्यावीत, शेजारची पाच नेहमीसारखी राहू द्यावीत. जुलै-ऑगस्टमध्ये दापोलीच्या शास्त्रज्ञांनी दोन्हीकडे ठरावीक झाडांखाली गळलेली फळे दर आठवड्याला मोजावीत. फरक पडला नाही तर योजना बंद करावी. आम्ही मोर्चा आणणार नाही.

त्यासाठी तारखा मात्र उलट्या बाजूने मोजाव्या लागतील. मेच्या पहिल्या आठवड्यात गट झाडावर हवा, तर एप्रिलमध्ये त्याचे शिक्षण संपले पाहिजे. त्यासाठी मार्चअखेर मुलांची नावे ठरली पाहिजेत, आणि त्यांना कामाचा शब्द देण्याआधी पैशाची तरतूद झालेली असली पाहिजे. म्हणजे नागपूरच्या हिवाळी अधिवेशनातल्या पुरवणी मागण्यांत हा आकडा यायला हवा. मार्चच्या अर्थसंकल्पात आला तर पैसा हातात पडेपर्यंत सुपाऱ्या गळून गेलेल्या असतील. आपल्या खात्याने पाच गावांची निवड कळवली की त्या गावांतल्या बागायतदारांची बैठक लावायची आणि चढायला तयार असलेल्या मुलांची यादी करायची जबाबदारी आम्ही घेतो.

कळावे,

आपला,
एक बागायतदार
दोडामार्ग तालुका, जि. सिंधुदुर्ग